धूर तेवढा खरा

"दिवसाला किती ओढता?" डॉक्टरांनी विचारलं, आणि तिला वाटलं, हे आपल्या मागं उभ्या असलेल्या कुणाला तरी विचारतायत. तिनं मान वळवून मागं पाहिलं. मागं भिंत होती, भिंतीवर माणसाचा घसा मधोमध उभा चिरून दाखवलेलं रंगीत चित्र होतं, आणि चित्राखालच्या बाकावर तिची थोरली बहीण पर्स पोटाशी धरून बसली होती. अक्काला शेजारच्या घरात दूध करपलं तरी इकडे ठसका लागायचा, तेव्हा प्रश्न अक्काला नव्हता. "मी ओढत नाही," ती म्हणाली. म्हणाली म्हणजे काय, गेले चार महिने तिच्या घशातून जे काही निघत होतं ते फरशीवरून रिकामी बादली फरफटत न्यावी तसं निघत होतं, त्यातलंच थोडं निघालं. डॉक्टर हसले. "सगळे हेच म्हणतात. पण बाई, मी आत्ता तुमच्या घशात नळी घालून आलोय. न ओढणाऱ्याचा घसा असा नसतो." आणि तेवढ्यात बाकावरून अक्का, तिची सख्खी बहीण, जिच्याबरोबर ती गेली बावीस वर्षं एका घरात राहत होती, अगदी समजुतीच्या, मायेनं ओथंबलेल्या आवाजात म्हणाली, "धाकटे, आता तरी खरं सांग. डॉक्टरांपासून काय लपवायचं? मला दहा वर्षं माहीत आहे."

राग यायला वेळ लागतो. आधी कान तापले, मग हाताची बोटं गार पडली. तोवर डॉक्टर पुढचं सांगत होते. डाव्या बाजूला पांढरा चट्टा आहे. सोमवारी तुकडा काढून तपासायला पाठवू. तोवर आवाज बंद, अगदी बंद, आणि धूर तर डोळ्यांसमोरही नको. "काम काय करता?" "प्रॉम्प्टर आहे. नाटकात. विंगेत बसून नटांना वाक्यं देते." "म्हणजे कुजबुजता?" "हो." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुजबुजणं सगळ्यांत वाईट. त्यापेक्षा एक वेळ ओरडा." असं म्हणून त्यांनी एक छापील कागद पुढं सरकवला. नाव, वय, धूम्रपान होय किंवा नाही, दिवसाला किती, किती वर्षं, आणि खाली 'वरील माहिती खरी आहे' आणि सहीसाठी रेघ. सोमवारी भरून आणा, आणि खरं भरा.

जिन्यात अक्का म्हणाली, "मी कधी बोलले का तुला? एका शब्दानं? कपड्यांना वास येतो, केसांना येतो, पर्स उघडली की काडेपेट्या. एक नाही, तीन-तीन. मी म्हटलं, एकटी आहे, दिवसभर अंधारात बसते, असेल काही आधार. आपण कशाला टोचायचं?" आणि मग, जसं काही नवऱ्यामुलाकडचं स्थळ सांगतेय अशा हळू आवाजात, "गॅलरीत बशी ठेवली होती मी तुझ्यासाठी. कडा उडालेली. राखेला." ती जिन्यातच थांबली. ती बशी. दहा वर्षं गॅलरीच्या कठड्यावर ती बशी होती, पावसात भरायची, उन्हात वाळायची, अक्का दर रविवारी पुसून परत ठेवायची, आणि हिला वाटायचं, पाखरांसाठी ठेवलीय. एवढं प्रेम! दहा वर्षं पुसत राहण्याएवढं प्रेम, पण एकदा विचारण्याएवढं नाही. "काडेपेट्या त्याच्या आहेत," ती म्हणाली. "त्याच्या म्हणजे?" "नाटकात बापाचं काम करतो त्याच्या. खिशात ठेवायला विसरतो, म्हणून मी ठेवते." "बरं," अक्का म्हणाली. हे 'बरं' लहान मुलाला म्हणतात तसलं होतं. हिनं बहिणीला रिक्षात बसवलं आणि आपण चालत सुटली, कारण चारला प्रयोग होता, आणि त्या रिक्षात बसली असती तर रस्त्यात बहिणीचं काहीतरी बरंवाईट केलं असतं.

बसच्या थांब्यावर एक माणूस सिगारेट ओढत उभा होता. ती जवळून गेली, खोकली. माणसानं पटकन हात पाठीमागं नेला, चार पावलं मागं सरकला, "माफ करा" म्हणाला आणि सिगारेट चपलेखाली चिरडली. अनोळखी माणूस. डोक्याला टक्कल, हातात दुधाची पिशवी. त्याला एक क्षण लागला. तिला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि त्याच्याच थोबाडीत मारावीशीही वाटली, कारण हे इतकं सोपं आहे हे त्यानं तिला कशाला दाखवलं?

आता ते नाटक. एक बाप पोरीला घराबाहेर काढतो आणि पुढं तीन अंक खिडकीत बसून तिची वाट बघतो, एवढीच गोष्ट. तीस वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा ती पोर हीच होती. बावीस वर्षांची, मोकळ्या गळ्याची, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना कानयंत्र काढून ठेवायला लावणारी. बापाचं काम करणारा तेव्हा चौतीसचा होता, पांढरी दाढी चिकटवून बाप व्हायचा. आता चौसष्टचा आहे, आणि बाप फार थकलेला दिसतो म्हणून केसांना कलप लावून बाप होतो. कंपनीत त्याला सगळे दादा म्हणत. तीस वर्षांत दादाच्या नाटकातल्या अकरा मुली बदलल्या, खिडकी सहा वेळा नवी झाली. दादा तोच. ती विंगेत कशी गेली, तर तेव्हाचा प्रॉम्प्टर आजारी पडला, आणि हिला सगळ्यांचीच वाक्यं पाठ होती. "आठवडाभर बस," दादा म्हणाला होता. "तुझ्या जागी त्या नव्या मुलीला उभी करू, तेवढीच तिची हौस." तो आठवडा अजून चालू होता. पाठांतर चांगलं असणं ही शिक्षा होऊ शकते हे तिला त्या वयात कुणी सांगितलं नाही. आणि खोटं कशाला बोला, पुढं पुढं तिला तो कोपरा आवडायलाही लागला. साडेसातशे माणसं ज्याच्या तोंडाकडे बघतायत त्याचं तोंड आपल्या ओठांवर चालतं, ही नशा आहेच. दादाच तिला कुजबूज म्हणायला लागला. मग सगळेच.

मूळ नाटकात सिगारेट एक. तिसऱ्या अंकाच्या शेवटी, पोरीचं पत्र वाचून झाल्यावर बाप ती पेटवतो, एक झुरका घेतो आणि म्हणतो, "माझं चुकलं, पोरी." पडदा. नाटककारानं एकच लिहिली होती, कारण त्याला अक्कल होती, आणि आता तो वारला होता, त्यामुळे त्याची अक्कलही सभागृहाबाहेर गेली. दुसरी सिगारेट कधी आली ते तिला दिवसासकट आठवतं. दुसऱ्या अंकात दादा एकाएकी थांबला. चेहरा कोरा. पुसलेली पाटी. हात उगाच खिशाकडे गेला, खिशात शेवटासाठी ठेवलेलं पाकीट होतं, त्यानं एक काढली, मान वाकवून काडी ओढली, आणि मान वाकवताना त्याचा उजवा कान विंगेकडे आला. डाव्या कानानं त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही, हे कंपनीत फक्त तिला माहीत होतं. तिनं त्या वाकलेल्या कानात वाक्य सोडलं. दादानं धूर सोडला आणि वाक्य बोलला. टाळी! तोवर त्या वाक्याला कधी टाळी पडली नव्हती. प्रयोगानंतर दोघंही त्यावर अवाक्षर बोलले नाहीत, पण त्या दिवशी करार झाला. काडी ओढली म्हणजे दादा विसरला. वर्षाला एखादी जागा वाढत गेली. तिनं बाडात, म्हणजे तिच्या त्या हातानं लिहिलेल्या जाड संहितेत, प्रत्येक जागी पेन्सिलीनं एक बारीक फुली मारली. आता आठ फुल्या होत्या, आणि नववी नाटककाराची स्वतःची. बाहेर मात्र हे फार वेगळं पोहोचलं. एका जाणकारानं दादाच्या या विरामांवर अख्खं पुस्तक लिहिलं. चौथ्या विरामाला त्यात अकरा पानं आहेत. 'इथे धूर म्हणजे भूतकाळ' असं काहीतरी. चौथा विराम म्हणजे दादाला स्वतःच्या मेलेल्या बायकोचं नाव आठवत नाही, नाटकातल्या.

आणि त्या धुराचा पुढच्या रांगांना त्रास व्हायला लागला. अकरा वर्षांपूर्वी दोन-चार बायका नाकाला रुमाल लावून मध्यंतरात निघून गेल्या, तशी व्यवस्थापकानं धावपळ करून मोठा पंखा बसवला. हवा खेचणारा. बाहेरची भिंत एकाच बाजूला, म्हणून तो उजव्या विंगेत, भिंतीत, बरोबर तिच्या खुर्चीच्या डोक्यावर. दादाच्या तोंडातून निघालेला धूर प्रेक्षकांकडे वळायचा बेत करायचा, पंखा त्याची मानगूट धरायचा, आणि तो पांढऱ्या साखळीसारखा रंगमंच ओलांडून तिच्या चेहऱ्यावरून, केसांतून, बाडातून वर भोकात जायचा. दर्शनी भागात पाटी लागली. 'या प्रयोगात धूम्रपान होईल. प्रेक्षकांच्या आरोग्यासाठी हवा शुद्ध ठेवण्याची व्यवस्था केलेली आहे.' तिच्या कोपऱ्यात एक पाल होती. आधी चांगली गोरी होती, दोन वर्षांत भुरकी झाली, आणि प्रयोग नसेल त्या दिवशी तलफ आल्यासारखी भिंतीवरून येरझाऱ्या घालायची. यावर कुणी विश्वास ठेवत नाही. नका ठेवू. बाडाची पानं पिवळी पडलीत, ती तरी बघा.

खुर्ची हलवता येत नव्हती, कारण दादाचा कान. आणि कानाचं कुणाला सांगता येत नव्हतं, कारण दादा.

व्यवस्थापक बुकिंगच्या खिडकीमागच्या खोलीत पंख्याखाली बसून तिकिटांचे गठ्ठे लावत होता. तिनं डॉक्टरांचं सांगितलं. चट्ट्याचं सांगितलं, तुकड्याचं सांगितलं. त्याचं तोंड खरोखरच पडलं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. "अरेरे," तो म्हणाला. "ताई, पण एक सांगा, आजवर दुसऱ्या कुणाची तक्रार नाही."

"दुसरं कुणी तिथं बसत नाही."

"तेही खरं. पण आगवाल्यांची परवानगी आहे, आरोग्यवाल्यांचा दाखला आहे, सगळं आहे." त्यानं कागद काढून दाखवला. त्यात दोनच रकाने होते, प्रेक्षक आणि कलाकार. "तुम्ही यात… म्हणजे तुम्ही दोन्हींत बसत नाही."

"मी त्या पंख्याखाली बसते."

"खोटी सिगारेट आणू का? मिळतात हो आजकाल, नुसता दिवा लागतो. मी तर आजच बंद करीन ताई, देवाशप्पथ. पण जाहिरातीवर धूर आहे. लोक धूर बघायला येतात. दादांनी सही करून लेखी दिलं ना, की धुराचा त्रास होतोय, की मी उद्याच बंद करतो. माझी हिंमत नाही त्यांना विचारायची. तुमचं जुनं आहे, तुम्ही विचारा. लेखी आणा. सहीचं."

दादा रंगभूषेच्या खोलीत आरशासमोर मध घातलेलं कोमट पाणी घोटघोट पीत होता. शाल गळ्याशी घट्ट. खिडकी बंद, कारण रस्त्यावरची धूळ. तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला. कारण जगाला ठाऊक नसलेली आणि तिला अकरा वर्षं ठाऊक असलेली गोष्ट ही, की दादा रंगमंचाबाहेर सिगारेट ओढत नाही. बिडी नाही, तंबाखू नाही, काही नाही. रोज पहाटे फिरायला जातो. आणि रंगमंचावरसुद्धा तो धूर गिळत नाही. गालात धरतो, तिथल्या तिथं खेळवतो आणि बाहेर सोडतो. पेटवायचा तो. ओढायची ही.

"दादा," ती म्हणाली, "माझा घसा गेलाय. डॉक्टर म्हणतात धूर बंद करा."

"कुणाचा?"

"तुमचा."

दादानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. थेट नाही. थेट तो कुणाकडेच बघत नसे. चष्मा लावला तर वय दिसतं, म्हणून तो लावत नसे, आणि न लावता त्याला सगळी माणसं ढगासारखी दिसायची. "कुजबूज, अगं, तीस वर्षं तू नाटकात आहेस आणि असलं बोलतेस? तो धूर म्हणजे त्या माणसाचं आतलं आहे. मी तिथं नुसता दिवा लागणारी कांडी तोंडात धरू? खोटं? रंगमंचावर खोटं चालत नाही."

तिच्या तोंडात इतकं सगळं एकदम आलं की काहीच बाहेर पडेना. खोटं चालत नाही! दारू म्हणून पितोस तो कोरा चहा. खिडकी पुठ्ठ्याची. खिडकीबाहेरचा समुद्र दोन माणसं निळा कपडा हलवून करतात. पोरगी म्हणून जिच्यासाठी रडतोस तिला स्वतःची दोन पोरं आहेत. केस डब्यातले. वाक्यं माझी. सगळं खोटं, दादा, एकूण एक खोटं, आणि धूर तेवढा खरा? आणि तोही नेमका माझ्या वाट्याचा?

"सोमवारी तुकडा काढणार आहेत," ती म्हणाली.

"काही होत नाही गं. हळद घालून दूध घे. माझ्या मावशीला असंच झालं होतं." मग आरशाकडे, "आणि तू वेळेवर बस हं आज. दुसऱ्या अंकात परवा तू उशीर केलास."

उशीर केलास म्हणे. वाक्य तोंडात तयार धरून ती बसली होती आणि साहेबांना काडी पेटत नव्हती.

चारच्या ठोक्याला तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला. तिनं बाड मांडीवर उघडलं, पेन्सिल कानावर खोचली, पंख्यानं घर्रर्र करून तिच्या डोक्यावर तोंड उघडलं. पालीनं भिंतीवर आपली जागा घेतली. डॉक्टर म्हणाले होते, आवाज बंद. डॉक्टर असंही म्हणाले होते, त्यापेक्षा ओरडा. पहिली फुली बाविसाव्या पानावर होती. ती वाट बघत बसली. तिला तिथपर्यंतची दादाची प्रत्येक हालचाल पाठ होती. खुर्चीवरून उठणं, खिडकीपाशी जाणं, उजवी भुवई वर, आणि मग तो अर्धा क्षण, ज्यात डोळे रिकामे होतात आणि हात कोटाच्या खिशाकडे निघतो. तो अर्धा क्षण तिच्याएवढा कुणालाच माहीत नव्हता. दादालाही नाही. भुवई वर गेली, आणि हात कोटापर्यंत पोहोचायच्या आत तिनं वाक्य फेकलं. दिलं नाही, फेकलं. "त्या दिवशी दार मीच लावलं!" दादाचा हात खिशात, पाकीट बोटांत, आणि वाक्य कानात आदळलेलं. आता करणार काय? बोलला बिचारा. पाकीट खिशातच राहिलं.

एक.

असा सूड गोड असतो असं म्हणतात. खोटं आहे. घशात आतून कुणी सॅंडपेपर फिरवला. पण ती थांबली नाही. एकतिसाव्या पानावर दादानं हुशारी केली, भुवई न उचलता सरळ खिशात हात घातला. ती त्याच्याही आधी होती. तिसऱ्या जागी त्यानं सिगारेट ओठांत धरली, काडी हातात घेतली, आणि काडी पेटीवर घासायच्या आत वाक्य आलं, तेव्हा त्याला सिगारेटसकट बोलावं लागलं आणि ती ओठाला चिकटून वरखाली नाचली. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. तीस वर्षांत त्या जागी हसू नव्हतं. चौथा विराम, तो अकरा पानांवाला, त्या दिवशी रंगमंचावरून असा निघून गेला की कुणाला दिसलाही नाही. बायकोचं नाव तिनं दादाला असं ताडकन दिलं, जणू ती मेलेली बाई स्वतःच विंगेतून हाका मारतेय. पाचवी जागाही तशीच गेली.

मध्यंतरात दादा विंगेत आला. तो विंगेत कधी येत नसे. "कुजबूज! गाडी चुकतेय का तुझी?"

"वाक्यं दिली. आठवत नव्हती ना?"

"मला आठवत नव्हती?" त्याचा आवाज एकदम खाली गेला, करार मोडणारं वाक्य कुणी ऐकलं तर नाही म्हणून त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "मी विचार करत होतो. मी म्हणजे, तो बाप."

"बापाला विचार करायला काडी लागते?"

"हे बघ, पुढच्या अंकात मला माझी जागा हवी. समजलं? तीन जागा आहेत आणि शेवट."

"तुम्हाला पाठ आहेत जागा," ती म्हणाली. "वाक्यं नाहीत."

पुढच्या तीन जागा तिनं घेतल्याच. सहावी घेताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, सातवी घेताना तोंडात लोखंडाची चव, आठवीला वाक्यातला मधला शब्द नुसत्या वाऱ्यासारखा गेला, पण दादानं तो आपल्या मनानं भरला. म्हणजे येत होतं की त्याला! येत होतं! अकरा वर्षं हा माणूस आठवायचा कंटाळा करत होता आणि ती मानेवर तो कंटाळा झेलत बसली होती. आणि तिनं का झेलला? हा राग बाकी सगळ्यांहून वाईट होता, कारण तो बाहेर फेकायला विंग नव्हती. पहिल्यांदा त्या वाकलेल्या कानात वाक्य कुणी सोडलं? त्या दिवशी गप्प बसली असती तर नाटक तिथंच पडलं असतं, दादा घरी बसला असता, हिचा घसा हिच्यापाशी राहिला असता. पण टाळी पडली होती ना. ती टाळी तिलाही हवी होती. फुल्या तिनंच मारल्या होत्या. बारीक, सुबक, एका मापाच्या फुल्या.

मग शेवट. पोरगी पत्र ठेवून दाराशी उभी राहिली. दादानं पत्र वाचलं. ही सिगारेट नाटककाराची होती, हिच्यावर तिचा काही हक्क नव्हता. काडी पेटली. धूर निघाला, वळला, पंख्यानं त्याची मानगूट धरली आणि तो शांतपणे तिच्याकडे आला. आता तीन शब्द. हे तीन शब्द दादा आजवर कधी विसरला नव्हता. पण आज आठ वेळा त्याच्या पायाखालची फळी काढून घेतलेली होती, आणि तिनं पाहिलं, त्याचे डोळे रिकामे झाले. कान वाकला. ती पुढं झुकली, तोंड उघडलं, आणि तोंडातून काही आलं नाही. कुजबूज नाही, घरघर नाही. नुसती हवा. तिनं पुन्हा जोर केला. काही नाही. तिचा आवाज गेला होता, सोमवारची वाट न बघता.

कान वाकलेलाच होता. दादानं दुसरा झुरका घेतला. तिसरा. धूर येतच होता. तिनं हात वर केला आणि पंख्याचं बटण बंद केलं. बाजूला पाटी होती, हात लावू नये. घरघर थांबली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा धुराला कुठं जावं ते कळेना. तो दादाभोवतीच उभा राहिला. चौथा झुरका घ्यायला दादानं तोंड उघडलं तो आपलाच धूर आत गेला, आणि दादा खोकला. खोटा नाही, पोटातून, डोळे बाहेर येईपर्यंत, खुर्चीची पाठ धरून. खोकता खोकता त्यानं विंगेकडे कान नाही, तोंड केलं. तीस वर्षांत त्यानं तिला कान दिला होता, डोळे कधी दिले नव्हते. ती खुर्चीवरून उठून त्याच्या इतक्या जवळ आली की रंगमंचावरचा उजेड तिच्या बुटांवर पडला, आणि तिनं ओठ हलवले. सावकाश. एकेक. दादानं डोळे बारीक करून ते ओठ वाचले.

"माझं…" तो म्हणाला. खोकला. "माझं चुकलं."

'पोरी' तो म्हणाला नाही. दाराशी पोरगी उभी होती, तिच्याकडे पाहिलंही नाही त्यानं. विंगेकडे, हिच्याकडे बघत म्हणाला, पाणावलेल्या डोळ्यांनी. आणि ती तिथं उभी होती आणि तिच्या छातीत काहीतरी सैल झालं. बस. एवढंच हवं होतं. पडदा पडला. पडद्यापलीकडे टाळ्यांचा असा आवाज झाला की भिंतीवरची पाल खाली पडली.

दादा पडद्यामागून धावतच तिच्याकडे आला, तिचे दोन्ही खांदे धरले. "पाहिलंस? पाहिलंस तू? 'पोरी' मुद्दाम गाळलं! काय परिणाम झाला! उभं राहिलं सगळं सभागृह! आणि तो खोकला! कुजबूज, उद्यापासून हे असंच ठेवायचं. पंखा शेवटी बंद. तूच कर बंद, तुझा अंदाज चांगला आहे."

सैल झालेलं परत आवळलं. ते कुठलाही आवाज न करता आवळलं.

तिनं पर्समधून डॉक्टरांचा कागद काढला आणि बाडावर ठेवून कानावरच्या पेन्सिलीनं भरला. नाव, तिचं. वय. धूम्रपान, होय. दिवसाला किती, नऊ. किती वर्षं, अकरा. कुणी पेटवली हे विचारायला कागदात जागा नव्हती, म्हणून तिनं सहीच्या रेघेच्या अलीकडे लिहिलं, 'पेटवून देणाऱ्याची', आणि दादाचं पेन त्याच्याच खिशातून काढून त्याच्या हातात दिलं. "अगं, आता सही?" दादा खूष झाला. त्याच्या हातात पेन दिलं की तो सही करायचा, शाळकरी मुलीच्या वहीवर, उपाहारगृहातल्या रुमालावर, एकदा एका गृहस्थाच्या प्लास्टर घातलेल्या पायावर. वाचणं त्याला शक्यच नव्हतं, चष्मा घरी. "कुणासाठी? पुतणीसाठी का?" तिनं मान हलवली. 'वरील माहिती खरी आहे' याच्या बरोबर खाली त्यानं 'सप्रेम' लिहिलं आणि आपली ती प्रसिद्ध, शेवटी शेपूट वळवलेली सही ठोकली.

व्यवस्थापकानं कागद एकदा वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला. "ताई, हे दादांनी वाचलंय का?" तिनं बोट सहीवर ठेवलं. लेखी, सहीचं, त्यानं स्वतः मागितलेलं. मग पर्समधून तीन काडेपेट्या काढून एकेक करून त्याच्या टेबलावर ठेवल्या, आणि बाड बगलेत मारलं. व्यवस्थापक उठून उभा राहिला. "बाड नेताय? अहो, उद्या चारचा प्रयोग आहे! दादांना वाक्यं कोण…" पुढचं तिनं ऐकलं नाही. कागदाची एक प्रत तेवढी त्याच्या झेरॉक्सच्या यंत्रावर काढून घेतली, ती सोमवारसाठी.

घरी अजून उजेड होता. अक्का भाजी निवडत होती. "आलीस? किती वास मारतोय," ती म्हणाली, पण मायेनं. ती सरळ गॅलरीत गेली, कठड्यावरची बशी उचलली आणि फरशीवर आपटली. जोरात. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

"अगं बाई! वेड लागलं का? काय झालं?" अक्का धावत आली. ही बोलेना. अक्कानं तिच्या घशाकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं, आणि खाली बसून तुकडे गोळा करायला लागली. एक तुकडा तिनं उचलला, उलटा केला, सुलटा केला. अंगठ्यानं घासला. दुसरा उचलला. दहा वर्षं राखेसाठी ठेवलेली बशी. पावसाच्या पाण्याच्या कडा होत्या, पाखराची एक शीट होती. राखेचा एवढासा डाग नव्हता.

"धाकटे," ती म्हणाली, "किती गं ओढत होतीस?"

तिनं दोन्ही हात बहिणीच्या तोंडासमोर धरले, एक अंगठा मिटला.

अक्कानं बोटं मोजली. परत एकदा बशीच्या तुकड्याकडे पाहिलं. मग वर बघून, दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"कुणाच्या?"